क्रिस्टल फिल्टर निवडताना : काय ऐकायचं, काय सोडायचं



मागच्या व्याख्यानानंतर एका तरुण श्रोत्याने आमच्या हातात चिठ्ठी दिली. ती आम्ही जशीच्या तशी वाचून दाखवतो. "सर, हॅम रेडिओचा परवाना मिळाला. वापरलेला एक ट्रान्सीव्हर घेतला आहे. त्यात जादा क्रिस्टल फिल्टरसाठी एकच जागा रिकामी आहे. मोर्ससाठी २५० हर्ट्झचा घेऊ, ५०० चा घेऊ, की बोलण्यासाठी १.८ किलोहर्ट्झचा? पैसे एकाचेच आहेत."

आता तत्त्वज्ञानाच्या मास्तराला हा प्रश्न का विचारला, असं कोणाला वाटेल. त्याचं कारण एवढंच की वर्गात फळ्यापुढे जेवढी वर्षं गेली, जवळजवळ तेवढीच रात्री रेडिओपुढेही गेली. आणि प्रश्न वरवर खरेदीचा दिसला तरी तो फक्त खरेदीचा नाही. कोणता फिल्टर घ्यायचा, म्हणजे कोणाला ऐकायचं नाही हे आधी ठरवायचं. ते ठरवण्यात आमची एकदा मोठी चूक झाली, तीही आज सांगणार आहोत. पण आधी यंत्र समजून घेऊ.

गर्दी केवढी असते

भारतातल्या हौशी रेडिओचालकांना चाळीस मीटरच्या पट्ट्यात ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झ एवढी जागा आहे. म्हणजे २०० किलोहर्ट्झ. बोलण्याच्या सिंगल साइडबँड पद्धतीत, म्हणजे एसएसबीत, एक माणूस साधारण अडीच किलोहर्ट्झ जागा घेतो. भागाकार करा. एकमेकांच्या पायावर पाय न देता ऐंशीच्या आसपास माणसं बोलू शकतील, तीही सगळी शिस्तीत ओळीने उभी राहिली तर. संध्याकाळी हा पट्टा दूरदूरपर्यंत उघडतो. देशोदेशीचे लोक याच २०० किलोहर्ट्झमध्ये येतात, आणि ७.२ च्या वर तर मोठमोठी प्रसारण केंद्रं सुरू होतात. मोर्सचं तसं नाही. मोर्सचा सिग्नल शंभर-दीडशे हर्ट्झमध्ये मावतो. एका बोलणाऱ्याच्या जागेत मोर्सवाले दहा-पंधरा जण बसू शकतात, आणि स्पर्धेच्या दिवशी ते खरोखरच बसतात.

या गर्दीतून एकालाच वेगळं काढायचं, हे फिल्टरचं काम.

आपल्या कोपरगावच्या माणसाला हे समजावून सांगायला फार लांब जावं लागत नाही. साखर कारखान्यात तयार साखर हलत्या चाळण्यांवरून जाते. दाण्याच्या आकारावरून एम-३०, एस-३० अशी प्रतवारी होते. दाणा तोच, साखर तीच. कुठल्या भोकाची चाळणी लावली त्यावर पोत्यावरचं नाव ठरतं. रेडिओचा फिल्टर ही अशीच चाळणी आहे. फरक इतकाच की ती दाण्याचा आकार बघत नाही, कंपनांची संख्या बघते. आणि आणखी एक गोष्ट आत्ताच लक्षात ठेवा. चाळणी साखर तयार करत नाही. साखर उसातच असावी लागते. जो सिग्नल तुमच्या अँटेनापर्यंत आलाच नाही, तो जगातला कुठलाही फिल्टर आणून देणार नाही.

स्फटिकच का

क्वार्ट्झच्या स्फटिकावर दाब दिला की त्याच्या पृष्ठभागावर विद्युत्भार येतो. हे झाक आणि पिएर या क्युरी बंधूंनी १८८० साली दाखवलं. उलटंही खरं आहे : वीज दिली की स्फटिक किंचित आकुंचन-प्रसरण पावतो. मग स्फटिकाची पातळ चकती कापली, की ती तिच्या ठरलेल्या कंपनसंख्येलाच जोरात थरथरते, बाकीच्यांना दाद देत नाही. देवळातली घंटा कशीही वाजवा, ती आपल्याच सुरात वाजते, तसं.

हा हट्टीपणा मोजायला क्यू नावाचं माप आहे. तारेची गुंडाळी आणि कपॅसिटर यांच्या जोडीचा क्यू शे-दोनशेच्या घरात असतो. क्वार्ट्झचा हजारांत, चांगल्या स्फटिकाचा लाखाच्याही घरात जातो. म्हणून चार, सहा, आठ स्फटिक एकमेकांना जोडले की उभ्या भिंतींचं एक दार तयार होतं. दारातून येईल तो आत, भिंतीवर आपटेल तो बाहेर.

हे दार जागचं हलत नाही. मग वेगवेगळी स्टेशनं कशी लावायची? १९१८ साली एडविन आर्मस्ट्राँग यांनी सुपरहेटरोडाइनची युक्ती काढली. येणारा सिग्नल कुठल्याही कंपनसंख्येचा असो, संचातल्या ऑसिलेटरशी त्याची मिसळ करून तो एका ठरलेल्या मधल्या कंपनसंख्येवर आणायचा. तिलाच आय.एफ. म्हणतात. म्हणजे दार हलवायचं नाही, माणसालाच दारासमोर आणून उभं करायचं.

यातून खरेदीचा पहिला नियम निघतो. फिल्टर तुमच्या संचाच्या आय.एफ.चाच हवा. केनवूडच्या टीएस-८५० मध्ये एक जागा ८.८३ मेगाहर्ट्झची, दुसरी ४५५ किलोहर्ट्झची. आयकॉमच्या आयसी-७१८ मध्ये जादा फिल्टरची जागा एकच, ४५५ किलोहर्ट्झची. एकाचा फिल्टर दुसऱ्यात चालत नाही. स्वस्तात मिळाला म्हणून घेतला आणि बसलाच नाही, असे फिल्टर पुष्कळांच्या कपाटात पडून आहेत. संचाची पुस्तिका उघडा, त्यात दिलेला नंबर लिहून घ्या, मगच चौकशीला लागा.

लेबलावरचा आकडा आणि न लिहिलेला आकडा

फिल्टरवर ५०० हर्ट्झ लिहिलंय म्हणजे काय? त्या रुंदीच्या दोन्ही कडांना सिग्नल ६ डेसिबलने खाली येतो, म्हणजे त्याची शक्ती एक चतुर्थांश उरते. एवढाच त्याचा अर्थ. कडेच्या पलीकडे भिंत किती उभी आहे, हे त्या आकड्यावरून कळत नाही. त्यासाठी दुसरा आकडा बघायचा : शक्ती दहा लाखात एक भाग उरते, म्हणजे ६० डेसिबल खाली येते, तिथली रुंदी किती. या दोन रुंदींचं गुणोत्तर म्हणजे शेप फॅक्टर.

समजा, दोन फिल्टर आहेत, दोन्ही ५०० चे. पहिल्याची ६० डेसिबलवरची रुंदी १००० हर्ट्झ, गुणोत्तर २. दुसऱ्याची २५००, गुणोत्तर ५. तुमच्यापासून ७०० हर्ट्झवर एक जबरदस्त शेजारी आला. पहिल्या फिल्टरला तो जवळजवळ नाहीसा होईल. दुसऱ्यात तो उतारावरून घसरत आत येईल. लेबल दोघांवर एकच. वाड्याचं दार अरुंद पण भिंती कुडाच्या, असं झालं तर चोर दारातून कशाला येईल? म्हणून रुंदी विचारलीत की लगेच दुसरा प्रश्न विचारायचा, भिंत कशी आहे? साधारणपणे स्फटिक जास्त तर भिंत उभी. आठ स्फटिकांचा फिल्टर चारांच्या फिल्टरपेक्षा महाग असतो, तो उगाच नाही.

कानाशी गाळण्याने भागत नाही का

इथे एक रास्त शंका येते. एवढं कशाला, हेडफोनच्या अलीकडे दोनशे-चारशे रुपयांच्या भागांत आवाजाचा फिल्टर करता येतो की! येतो, आम्हीही केला होता. मोर्ससाठी तो उपयोगीही पडतो. पण त्याची मर्यादा समजून घ्या.

संचात एजीसी नावाचा एक राखणदार असतो. मोठा सिग्नल आला की तो संपूर्ण संचाची संवेदना खाली आणतो, म्हणजे तुमचे कान फुटत नाहीत. हा राखणदार आय.एफ.च्या फिल्टरमधून जे आत आलं, त्याच्यावर नजर ठेवून असतो. फिल्टर रुंद असेल तर दीड किलोहर्ट्झवरचा दांडगा शेजारीही आत येतो, आणि राखणदार त्याच्याकडे बघून सगळ्यांचाच आवाज दाबतो. मागाहून कानाशी गाळलंत तर शेजारी ऐकू येणार नाही. पण तुमचा दुबळा माणूस त्या शेजाऱ्याच्या तालावर बुडत-तरंगत राहील. शेजारी राखणदाराच्या आधीच अडवला पाहिजे. आय.एफ.मधल्या फिल्टरला पैसे मोजायचे ते यासाठी.

त्याच्याही मागे एक मर्यादा आहे. शेजारी इतका जबर असेल की फिल्टरच्या आधीचा मिक्सरच गुदमरतो, तर नसलेले सिग्नल तिथेच तयार होतात, आणि ते तुमच्या दारासमोर उभे राहिले तर फिल्टर त्यांना रीतसर आत सोडतो. अशा वेळी संचावरचं अ‍ॅटेन्युएटरचं बटण दाबा. ते फुकट आहे.

अरुंद म्हणजे चांगला का

आता मुख्य प्रश्नाला येऊ. नवशिक्याला वाटतं, जितका अरुंद तितका उत्तम. हिशेब मांडून बघू.

आकाशातली खरखर सगळीकडे पसरलेली असते. दार जितकं रुंद, तितकी खरखर जास्त आत. २.४ किलोहर्ट्झवरून ५०० हर्ट्झवर आलात तर खरखर जवळजवळ ७ डेसिबलने कमी होते. सिग्नल मीटरची एक पायरी ६ डेसिबलची मानतात, म्हणजे एका पायरीहून थोडी जास्त कमाई. ५०० वरून २५० वर गेलात तर आणखी फक्त ३ डेसिबल. पहिल्या उडीत मोठा लाभ, दुसरीत त्याच्या निम्म्याहून कमी. शिवाय सरावलेला कान हा स्वतःच एक फिल्टर असतो. दोन-तीन मोर्स एकदम वाजत असतील तर त्यातला एक तो बरोबर धरतो. त्यामुळे हातात पडणारी कमाई कागदावरच्या हिशेबापेक्षा कमीच.

आणि किंमत? पहिली किंमत घंटानादाची. दार जितकं अरुंद तितका फिल्टर उशिरा शांत होतो. चैत्र-वैशाखात वळवाचे ढग आले की चाळीस मीटरवर विजांचा कडकडाट सुरू होतो. रुंद फिल्टरमध्ये तो 'टक्' असा वाजतो, अरुंदमध्ये 'टंऽऽ' असा लांबतो आणि पुढच्या टिंबावर सांडतो. मिनिटाला २० शब्दांच्या वेगाने मोर्सचं एक टिंब ६० मिलिसेकंदांचं असतं. अशी टिंबं पुसली गेली की अक्षरं बदलतात.

दुसरी किंमत बोलणाऱ्यांना मोजावी लागते, आणि तिथे आम्ही विशेष सावध करतो. टेलिफोनने पूर्वीपासून ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढा आवाज नेला. एसएसबीचा नेहमीचा २.४ चा फिल्टर त्यातून वरचा भाग कापतो. १.८ चा त्याहून कापतो. मराठीत 'स', 'श', 'फ' यांचा जीव वरच्या कंपनांत असतो. ती कापली की स्वर शिल्लक राहतो आणि ऊष्म वर्ण हरवतो. आता 'साठ' म्हणून बघा, आणि त्यातला 'स' काढून टाका. 'आठ' राहतं.

गप्पांमध्ये हे चालून जातं. पण हॅम रेडिओ काही फक्त गप्पांसाठी नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा हौशी रेडिओचालकांनी निरोप पोहोचवण्याचं काम केलं. २००१ च्या भूजच्या भूकंपातही केलं. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी अंदमानात रेडिओची मोहीम घेऊन गेले होते; त्सुनामी आली आणि हौसेचं ते केंद्र पोर्ट ब्लेअरहून निरोप देऊ लागलं. अशा वेळी साठ ब्लँकेट्स हवीत की आठ, यात फार फरक पडतो. म्हणून आकडा दोनदा सांगायचा, 'सहा शून्य' असा फोडून सांगायचा, ही शिस्त आहे. आणि ऐकणाऱ्याने गर्दी नसेल तेव्हा विनाकारण अरुंद फिल्टर लावून बसायचं नाही, हीही शिस्तच आहे.

आमचे तीन रविवार

तिसरी किंमत आम्ही स्वतः मोजली.

आमचे एक ज्येष्ठ स्नेही होते, वयाने आमच्यापेक्षा बरेच मोठे. दर रविवारी सकाळी चाळीस मीटरवर आमची मोर्समध्ये गाठ पडायची. त्यांचा ट्रान्समीटर घरी बनवलेला, रिसीव्हर वेगळा. ट्रान्समीटर तापेपर्यंत त्याची कंपनसंख्या सरकायची. त्यात वयाने कान थोडे मंद झालेले, त्यामुळे बरोबर आमच्या सुरावर येणं त्यांना जमत नव्हतं. इकडे आम्ही नुकताच २५० हर्ट्झचा फिल्टर बसवला होता आणि त्याच्यावर बेहद्द खूश होतो. काय ती शांतता! बटण दाबायचं आणि जग नाहीसं करायचं.

एका रविवारी आम्ही त्यांना हाक दिली, उत्तर नाही. पुढच्या रविवारी नाही. तिसऱ्याही रविवारी नाही. आम्हाला वाटलं, तब्येत बरी नसेल. चौथ्या दिवशी त्यांचा फोन आला. म्हणाले, "मास्तर, काही चुकलं का आमचं? तुम्ही हाक मारता, आम्ही दर वेळी उत्तर देतो, आणि तुम्ही पुन्हा हाकच मारता."

पुढच्या रविवारी बटण सोडलं. सुमारे चारशे हर्ट्झ वर ते होते, त्यांच्या त्या ओळखीच्या अडखळत्या हातासकट. त्यांना आम्ही स्वच्छ ऐकू येत होतो. आमच्या दाराबाहेर उभं राहून ते तीन रविवार उत्तर देत होते. दोष फिल्टरचा नव्हता. तो सांगितलेलं काम चोख करत होता. रुंद फिल्टर त्याच संचात, एका बटणावर होता. ते बटण सोडून बघावं, हे आम्हाला सुचलं नाही. पुढच्या वर्षी ते गेले.

बौद्ध तर्कशास्त्रात दिङ्नागांचा अपोह नावाचा विचार आहे. 'गाय' या शब्दाने गाय कळते ती 'गाय नसलेलं' सगळं वगळून. तो विचार आम्ही वर्गात पुष्कळ वर्षं शिकवला. वगळण्यातून अर्थ मिळतो, हे पटवून द्यायचो. पण काय वगळलं आहे याचा विसर पडला, तर मिळालेली शांतता खरी वाटू लागते, हे मात्र आम्हाला रेडिओने शिकवलं.

तेव्हापासूनची आमची रीत अशी : ऐकायला सुरुवात रुंद फिल्टरने करायची. कोण कोण आहे ते बघायचं. गर्दी आडवी आली तर अरुंद करायचं. आणि हाक मारून उत्तर आलं नाही तर 'नाही' म्हणण्याआधी एकदा रुंद करून दोन्ही बाजूंना बघायचं.

मग घ्यायचा कोणता

आता चिठ्ठीकडे. आधी महिनाभर काही घेऊ नका. वहीत टिपा : किती वेळ मोर्स ऐकलं, किती वेळ बोलणं, आणि नको असलेलं काय आडवं आलं. आडवं आलेलं बहुतेक खरखरच असेल, तर तिचा उगम घरात आहे का ते बघा. एलईडी दिव्याचा ड्रायव्हर, मोबाइलचा चार्जर, सोलरचा इन्व्हर्टर. घराचा मेन स्विच बंद करून संच बॅटरीवर चालवा, पाच मिनिटांत उत्तर मिळेल. फिल्टरचे पैसे वाचतील.

टिपणात मोर्स जास्त असेल आणि जागा एकच असेल, तर ५०० हर्ट्झचा घ्या. आयसी-७१८ साठी त्याचा नंबर एफएल-५२ए. २५० चा, म्हणजे एफएल-५३ए, हा दुसरा फिल्टर म्हणून चांगला, एकुलता एक म्हणून नाही. तो स्पर्धेत रोज उतरणाऱ्यांसाठी.

बोलणं जास्त असेल आणि संध्याकाळच्या गर्दीतच बसायचं असेल, तर १.८ चा, एफएल-२२२, विचारात घ्या. मात्र नेहमीचा रुंद फिल्टर बटणावर कायम हाताशी राहतो ना, हे आधी पुस्तिकेत बघा. गर्दीच्या वेळी बसतच नसाल, तर काहीच घेऊ नका. हेही एक उत्तर आहे, आणि ते सांगायला विक्रेता येणार नाही.

टीएस-८५० सारखे दोन जागांचे संच ज्यांच्याकडे आहेत, त्यांनी एकाच रुंदीचे दोन फिल्टर दोन्ही जागी लावले तर भिंती अधिक उभ्या होतात. एकच घ्यायचा असेल तर आधी ८.८३ चा घ्यावा, असं आमचं मत. शेजारी जितक्या लवकर अडेल तितकं बरं.

वापरलेला फिल्टर घेताना तीन गोष्टी बघा. नंबर पुस्तिकेशी अक्षरश: जुळतो ना. पाय वाकलेले किंवा वारंवार डाग दिलेले नाहीत ना. आणि विकणाऱ्याने तो चालत्या संचात लावून दाखवला का. बसवल्यावर काही संचांना मेनूतून सांगावं लागतं की अमुक फिल्टर बसवला आहे, काहींत आतली एखादी जोडणी बदलावी लागते. ते न केल्याने 'फिल्टर खराब निघाला' म्हणणारे आम्ही पाहिले आहेत.

पैसे अजिबात नसतील तर? हैदराबादचे अशर फरहान यांनी बिटएक्स नावाचा ट्रान्सीव्हर रचला, त्यात बाजारात सहज मिळणाऱ्या १० मेगाहर्ट्झच्या स्वस्त स्फटिकांचा फिल्टर घरी जुळवता येतो. स्फटिक थोडे जास्त आणायचे, एकेक मोजायचा, एकमेकांशी जुळणारे चार निवडायचे. विकतच्या फिल्टरची उभी भिंत मिळणार नाही, पण फिल्टर म्हणजे काय हे जन्मभर विसरणार नाही.

आणि नवे संच? आयकॉमचा आयसी-७३०० यासारख्या संचांत हे सगळं गणिताने होतं. रुंदी बोटाने फिरवून बदलता येते, वेगळा फिल्टर विकत घ्यावा लागत नाही. त्यामुळे आजचा प्रश्न काही वर्षांनी कोणी विचारणार नाही. रुंदी किती ठेवायची हा प्रश्न मात्र तिथेही राहतोच, कारण ती फिरवणारं बोट आपलंच असतं.

चिठ्ठी लिहिणारे इथे बसले असतील तर त्यांना आमचं उत्तर : ५०० चा घ्या. आणि रविवारी सकाळी चाळीस मीटरवर या. आम्ही रुंद फिल्टर लावून ऐकत असू. थोडे वर-खाली झालात तरी चालेल.